रिकाम्या काट्यावरचे साठ किलो

ही घटना खरी आहे.

भुताखेतांच्या या फेसबुक पानावर सगळेच असं म्हणतात, ठाऊक आहे. मी इथलं सगळं वाचतो. वाचून हसायचो. बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं मिळून हसायचो.

आता हसत नाही.

माझं नाव ऑस्टिन. वय त्रेपन्न. राहणार सांडोर, वसई. सातिवलीच्या गाळ्यांच्या पट्ट्यात माझा वजनकाटा आहे. ट्रक येतो, रस्त्याच्या पातळीतल्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढतो, आम्ही केबिनमध्ये बसून त्याचं वजन घेतो आणि छापील पावती देतो. धंदा एवढाच. बाहेर मोठ्या पिवळ्या अक्षरांत पाटी आहे... 'धर्मकाटा'.

त्या पाटीकडे मी हल्ली बघत नाही.

तुम्हाला अमावास्या लागते, पिंपळ लागतो, घुबड लागतं. माझ्याकडे त्यातलं काही नाही. जे घडलं ते कामाच्या वेळी, ट्यूबलाइट चालू असताना, बाहेर पाच-सहा ट्रक हॉर्न मारत उभे असताना घडलं.

तारीख १९ ऑक्टोबर २०२३. गुरुवार. नवरात्र चालू होतं. संध्याकाळचे पावणेसात.

पण आधी कॉम्प्युटरचं सांगायला हवं. त्याशिवाय माझी लाज तुम्हाला कळणार नाही.

काट्याचं वजन ज्या प्रोग्राममध्ये उमटायचं तो माझ्या वडिलांनी २००३ साली बसवून घेतला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं. माऊस नाही, चित्र नाही, काही नाही. ज्या इंजिनिअरने तो बनवला त्याने कधीच दुकान बंद केलं. त्या प्रोग्रामला हात लावणारा माणूस आता शोधूनही सापडला नसता.

मला मात्र तो पाठ होता. डोळे मिटून पावती काढायचो.

आजूबाजूच्या सगळ्या काट्यांवर नवीन सॉफ्टवेअर आलं. चार कोपऱ्यांना चार कॅमेरे, ट्रकचं मागचं चाक खुर्चीत बसल्या बसल्या दिसतं. मला लोक सांगायचे, बदल रे बाबा. मी म्हणायचो, "चालतंय ना? मग कशाला?" लग्नाच्या पंगतीत बसून फुशारकी मारायचो की वीस वर्षांत या प्रोग्रामवर मी एक रुपया खर्च केला नाही.

खरं कारण वेगळंच होतं.

२०१९ मध्ये मी गुपचूप एका ट्रेनिंगला गेलो होतो. वसई रोडला, एका कंपनीच्या ऑफिसात. सगळी पंचविशीतली पोरं. माझ्या हातातला माऊस भलतीकडेच जात होता. शिकवणाऱ्या मुलाने माझा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाला, "अंकल, राहू द्या, मी करतो."

सगळे हसले.

मी घरी आलो आणि प्रिस्काला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं की नवीन सॉफ्टवेअर एकदम भिकार आहे.

एवढंच कारण. चारचौघांत पुन्हा हसं होऊ नये म्हणून मी ते जुनं डबडं चालवत राहिलो. आणि कॅमेरे नव्हते म्हणून प्रत्येक ट्रकच्या मागे एक माणूस पाठवत राहिलो.

त्या माणसाचं नाव जयराम.

जयराम अर्नाळ्याचा. होडी विकल्यावर माझ्याकडे कामाला लागला, तो चौदा वर्षं राहिला. त्याचं काम असं की ट्रक चढला की मागे जायचं, सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर आहेत का बघायचं आणि ट्रकच्या मागच्या फाळक्यावर पंजाने एक थाप मारायची.

ठक.

त्या थापेचा अर्थ, मागे सगळं ठीक आहे आणि मी बाजूला झालोय.

थाप ऐकल्याशिवाय केबिनमधून बेल वाजवायची नाही, हा आमचा नियम. एक बेल म्हणजे झालं, ट्रक उतरव. दोन बेल म्हणजे थोडा मागे घे. सगळ्या ड्रायव्हरांना हे ठाऊक होतं.

त्याची अजून एक सवय होती. सकाळी काटा उघडला की पहिला तो स्वतः प्लॅटफॉर्मवर उभा राहायचा. त्याला साखरेचा त्रास होता. वजन उतरतंय का, याची त्याच्या बायकोला काळजी. मग मी त्याच्या वजनाची पावती काढून द्यायचो आणि तो ती घरी न्यायचा.

आमचा काटा ट्रकचा. दहा किलोच्या खालचं त्याला कळत नाही. म्हणून जयराम रोज साठ. मी चिडवायचो, "जयराम, तू उपाशी राहा नाहीतर बिर्याणी खा, माझ्या काट्यावर तू साठच."

तो म्हणायचा, "असू दे शेट. तिला कागद दिसला का ती झोपते."

कॅमेऱ्याचं त्याने मला तीनदा सांगितलं होतं. शेवटचं त्याच पावसाळ्यात. "शेट, एक कॅमेरा बसवा ना मागं. पानी पडतं, अंधार होतो, ड्रायव्हरला मी दिसत नाय. एक दिवस चाकाखाली जाईन."

मी म्हणालो होतो, "तू कसला जातोस. तुझ्या आधी मी जाईन."

हे माझेच शब्द आहेत.

तर त्या गुरुवारी पावणेसातला एक लांब ट्रेलर चढला. लोखंडाच्या पट्ट्यांची गुंडाळी भरलेली. जयराम मागे गेला.

पडद्यावरचा आकडा हलायला लागला... आणि गोठला.

हे नेहमीचंच होतं. वजन थोडं डळमळलं की तो प्रोग्राम अडकायचा. मग सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं. सहा मिनिटं जायची. मागे रांग लागली होती. हॉर्न. शिव्या. मी कॉम्प्युटरला शिव्या देत होतो.

सहा मिनिटांनी हिरवी अक्षरं आली. वजन फारच कमी दिसत होतं. म्हणजे पुढची चाकं प्लॅटफॉर्मच्या बाहेर गेली असणार. ट्रेलर मागे घ्यायला हवा होता.

मी बेल दाबली.

दोनदा.

थाप आली नव्हती.

मी थापेची वाट बघितली नाही. जयराम मागे आहे, हे त्या सहा मिनिटांत मी साफ विसरलो होतो. तो मागच्या चाकाखालचा दगड काढायला वाकला होता, हे नंतर कळलं.

आवाज मोठा झाला नाही. लोकांना वाटतं मोठा आवाज होतो. तसं काही नाही.

पोलीस आले. हवालदाराने साधा प्रश्न विचारला, "हा मागे काय करत होता?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "तंबाखू थुंकायला गेला असेल. सवय होती त्याला."

ड्रायव्हर रडत सांगत होता, दो बेल बजा, साहब, दो बेल बजा. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बेल दोन दिवस बंदच आहे." मग केबिनमध्ये जाऊन मी बेलची वायर उपटली.

जबाब लिहिला गेला. मी खाली सही केली.

जयरामने चार वर्षांपूर्वी तंबाखू सोडली होती. मला माहीत होतं. त्याच्या खिशात बडीशेपेची पुडी असायची. मला रोज चिमूटभर द्यायचा.

ड्रायव्हर राजस्थानचा होता. त्याला जामीन मिळायला दोन महिने लागले. केस अजून चालू आहे.

चौदा दिवस मी काटा बंद ठेवला. लोकांना वाटलं दुखवटा पाळतोय. लोक चांगलं बोलले माझ्याबद्दल.

पंधराव्या दिवशी काटा उघडला. सकाळचे नऊ. जयरामच्या जागी ॲल्रॉय नावाचा एक माणूस घेतला होता, गिरीजचा, चाळिशीचा, आधी पेट्रोल पंपावर काम केलेला. कशाला घाबरणारा नव्हता.

पहिला रिकामा टेम्पो आला. वजन २,३४० किलो. ठीक.

मी पावतीचं बटण दाबणार, एवढ्यात...

२,४००.

मला वाटलं ॲल्रॉय प्लॅटफॉर्मवर चढला. वर पाहिलं. ॲल्रॉय माझ्या दारात उभा राहून चप्पल घालत होता.

२,४००. तसाच. हलत नाही.

मग टेम्पोच्या मागून आवाज आला.

ठक.

आणि आकडा खाली उतरला. २,३४०.

टेम्पोवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली. "सेठ, पीछे कौन है?"

मी म्हणालो, "कोई नहीं."

त्या दिवशी अकरा गाड्या झाल्या. अकराही वेळा तेच. गाडी चढली की साठ किलो वाढायचे. माणसाला गाडीभोवती चालत फेरी मारायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ राहायचे. छोट्या टेम्पोला थोडा. मोठ्या ट्रेलरला जास्त.

मग ठक.

मग साठ किलो कमी.

ॲल्रॉयने तीन आठवडे काढले. मग एका दुपारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ऑस्टिन, मी उद्यापासून येत नाही."

"पगार वाढवू का?"

"पगाराचं नाही. मला इथे कामच नाही." त्याने घाम पुसला. "मी मागे जायच्या आधीच थाप पडते."

तो काही विचारत बसला नाही. छातीवर क्रुसाची खूण केली आणि गेला. बाकीच्या दिवसांचा पगार घ्यायलाही परत आला नाही.

काटा दुरुस्त करणारा मेकॅनिक आणला. प्लॅटफॉर्मच्या खाली वजन पकडणाऱ्या पेट्या असतात, त्या सगळ्या त्याने उघडून बघितल्या. उंदीर नाही. पाणी नाही. चिखल नाही. म्हणाला, "काटा शंभर टक्के ओके आहे. तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याचा काहीतरी लोचा असेल."

मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! सॉफ्टवेअर. अर्थातच सॉफ्टवेअर. वीस वर्षं ज्याला मी डोक्यावर घेऊन नाचलो त्याला त्या दिवशी मी मनापासून शिव्या घातल्या.

जानेवारीत नवीन घेतलं. कॅमेऱ्यांसकट. ज्याला चार वर्षं टाळलं ते एका फोनमध्ये झालं.

बसवायला सॅन्ड्रा नावाची मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची असेल, विरारची. तिने चार खांबांवर चार कॅमेरे लावले, जुनं डबडं उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि मला शेजारी बसवून घेतलं. माऊस पुन्हा भलतीकडेच गेला. ती हसली नाही. "अंकल, टेन्शन नका घेऊ. चुकलं तर चुकलं, काही फुटत नाही."

दोन तासांत मला सगळं आलं.

दोन तास.

मी बाथरूमचा नळ सोडून आत खूप वेळ रडलो. दोन तासांचं काम होतं. दोन तास जर मी चार वर्षांपूर्वी हसू सहन केलं असतं...

बाहेर आलो तर सॅन्ड्रा पडद्याकडे बघत बसली होती.

"अंकल, झिरो येत नाहीये."

मला आकडा माहीत होता.

"साठ दाखवतंय. प्लॅटफॉर्म तर रिकामा आहे. हे बघा, चारी कॅमेऱ्यांत रिकामा आहे."

पडद्यावर चार चौकटी होत्या. चारींत रिकामं लोखंड, ऊन आणि एक कागदी कप. आणि वर आकडा. ६०.

मी थापेची वाट बघत राहिलो. एक मिनिट. पाच मिनिटं. अर्धा तास.

थाप आली नाही.

तेव्हा मला कळलं. आता कॅमेरे होते. फेरी मारायची गरज उरली नव्हती. त्याचं काम संपलं होतं.

तरी तो गेला नव्हता.

माझ्या केबिनच्या खिडकीसमोर उभा होता.

नवीन सॉफ्टवेअरचा नियम असा की रिकाम्या प्लॅटफॉर्मवर शून्य दिसल्याशिवाय ते पुढची पावती काढू देत नाही. जुन्यात हे बंधन नव्हतं. सगळा धंदा ठप्प. तीन दिवस ट्रक परत पाठवले. सॅन्ड्रा रोज यायची, वायरी बदलायची, पुण्याला कंपनीत फोन लावायची. "हे पॉसिबलच नाही," म्हणायची. "कोई तो खडा है, असंच दाखवतंय."

चौथ्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, एक बाई फाटकातून आत आल्या.

मीरावहिनी. जयरामची बायको.

मी त्यांना अंत्यसंस्कारानंतर पाहिलंच नव्हतं. पाकीट पाठवलं होतं, दुसऱ्याच्या हाती. स्वतः गेलो नव्हतो.

केबिनकडे यायचं तर प्लॅटफॉर्म ओलांडावा लागतो. त्यांनी लोखंडावर पाय ठेवला.

११०.

मधोमध आल्यावर त्या थांबल्या. का थांबल्या माहीत नाही. पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं. मग चालू लागल्या. उतरल्या.

६०.

सॅन्ड्रा माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मला वाटलं वहिनी भांडायला आल्या आहेत. खरं सांगतो, त्या भांडल्या असत्या तर मी सगळं कबूल केलं असतं. माझी तयारी होती. निदान आता मला तसं वाटतं.

त्यांनी हात जोडले.

"शेट, मी माफी मागायला आले."

"कसली माफी, वहिनी?"

"आमच्या मान्साच्या तंबाखूपायी तुमाला पोलिसांत जायला लागलं. चौदा दिवस धंदा बंद. मना लय लाज वाटते, शेट. तोंड दाखवायला होत नव्हतं, म्हनून इतके दिवस आले नाय."

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"चार वर्सांमागं जीवदानी आईच्या देवळाच्या पायरीवर बोलले, आता तंबाखूला हात नाय लावनार. आमच्या संपदाच्या डोक्यावर हात ठेवून बोलले. पोरीची शपथ, शेट! मी इश्वास ठेवला. आनि इथं चोरून खात होते."

त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरगी बोलते, बाबांनी माझी खोटी शपथ खाल्ली. त्यांचा फोटो लावू देत नाय घरात. जेवते तेवा त्यांचं नाव काढलं तर ताटावरनं उठते. मी काय बोलू तिला? पोलिसांच्या कागदात लिवलंय."

कागदात मी लिहवलं होतं. खाली माझी सही होती.

एक वाक्य बोलायचं होतं मला. वहिनी, त्याने तंबाखू सोडली होती. बस, एवढंच. बेलचं नंतर सांगितलं असतं. ड्रायव्हरचं नंतर. आधी फक्त हे.

समोर सॅन्ड्रा बसली होती. जिने मला न हसता शिकवलं ती. तिच्यासमोर...

मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी तर त्याला केव्हाच माफ केलंय."

माफ केलंय.

मी, जयरामला.

"अंकल!" सॅन्ड्रा ओरडली. "झिरो! झिरो आला!"

मी वळून पाहिलं. पडद्यावर एकच शून्य होतं.

मीरावहिनींनी पुन्हा हात जोडले. "देव तुमचं भलं करो," म्हणाल्या आणि गेल्या. जाताना काट्याने त्यांचे पन्नास किलो दाखवले. त्या उतरल्यावर पुन्हा शून्य.

मला वाटलं, संपलं. तो तिच्याबरोबर गेला असणार. देवा, मला बरं वाटलं. एवढं सगळं ऐकून मला बरं वाटलं, यावरून मी काय माणूस आहे ते ओळखा.

सॅन्ड्रा खुशीत होती. म्हणाली, "अंकल, तुम्ही जाऊन उभे राहा ना, टेस्ट करून टाकू."

मी प्लॅटफॉर्मच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. माझं वजन ऐंशी.

केबिनमधून तिचा आवाज आला नाही.

"किती?" मी ओरडलो.

"अंकल..." ती खिडकीशी आली होती. "तुम्ही एकटेच आहात ना?"

मी मागे बघितलं नाही.

"एकशे चाळीस," ती म्हणाली.

मग ती स्वतः येऊन उभी राहिली. तिचे बरोबर पन्नास. गाड्या चढल्या, उतरल्या. सगळ्यांची वजनं बरोबर. त्या दिवसापासून आजपर्यंत काट्याची एक तक्रार नाही.

माझं सोडून.

मला काही जड वाटत नाही. धाप लागत नाही. खांद्यावर हात नाही, कानाशी श्वास नाही, तुम्हाला जे अपेक्षित असेल त्यातलं काहीच नाही. रिक्षात बसलो की तेवढं रिक्षावाला आरशातून मागच्या सीटकडे एकदा बघतो. मागच्या महिन्यात बी.पी. दाखवायला डॉक्टरकडे गेलो. नर्सने काट्यावर उभं केलं. मग खाली उतरवलं. काट्यातले सेल बदलले. पुन्हा उभं केलं. मग ती माझ्या पायांकडे बघत राहिली. मी चप्पल घातली आणि डॉक्टरला न भेटताच घरी आलो.

चर्चमध्ये जाऊन फादरांपाशी पापांची कबुली दिली. सगळं सांगितलं, बेलसकट. फादर म्हणाले, "देवाकडे मी तुझ्यासाठी शब्द टाकीन. पण जयरामच्या मुलीकडे तुलाच जावं लागेल."

दोनदा गेलो. एकदा अर्नाळ्याच्या बस स्टॉपवरून परत आलो. एकदा त्यांच्या गल्लीपर्यंत पोचलो. संपदा दारात बसून मासळी निवडत होती. तिने मान वर केली. मला ओळखलं आणि उभी राहिली, आदराने. "या ना शेट," म्हणाली.

मी म्हणालो, इथून चाललो होतो, सहज.

इथून चाललो होतो!

काल घरी मी प्रिस्काला हे सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. तिचं बरोबर आहे.

म्हणून शेवटी इथे लिहितोय. या पानावर हजारो लोक आहेत. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुमचे चेहरे मला दिसत नाहीत, तुम्ही उठून माझ्यासाठी खुर्ची पुढे करत नाही.

तुमच्यापैकी कोणी अर्नाळ्याचं असेलच. यातलं एकही नाव मी बदललेलं नाही, ते याचसाठी. जयरामची संपदा म्हणून विचारा, कोणीही घर दाखवेल. तिला सांगा, तुझ्या बाबांनी तुझी खोटी शपथ खाल्ली नव्हती. मरताना त्यांच्या खिशात बडीशेप होती. बेल ऑस्टिनने वाजवली. दोनदा.

हे मी स्वतः जाऊन सांगायला हवं होतं, मला कळतं. कमेंटमध्ये तेच लिहिणार असाल तर लिहू नका.

हे ऐकून ती माझ्याकडे येईल. तिने यावं. सांडोरला चर्चच्या मागच्या वाडीत माझं घर आहे, हिरव्या दाराचं.

मी दार उघडीन.

आत्ता तरी असं वाटतंय.